आपल्याच गावात माईकसमोर: गाताना लागणारं भेव आणि महिनाभराची तयारी

नागपूरच्या एखाद्या हॉलमध्ये गाणं त्या मानानं सोपं असतं. तिथं आपल्याला कोणी ओळखत नाही. चुकलं तर एसटीत बसायचं आणि घरी यायचं. अवघड असतं ते आपल्याच गावात, मारुतीच्या पारासमोर. पहिल्या रांगेत सासरे बसलेले, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो भाऊकीतला माणूस खांबाला टेकून उभा, आणि लहानपणी ज्यांनी आपला कान पिळला ते गुरुजी परीक्षक म्हणून खुर्चीवर. खेड्यातल्या गायकाला स्टेजची भीती कमीच असते. खरी भीती असते दुसऱ्या दिवशी सकाळच्या पानठेल्याची.

मला ती चांगली ठाऊक आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पुण्यतिथीच्या भजनाला मी दुसऱ्या अंतऱ्यात जो अडकलो, तो निघालोच नाही. पेटी चालू, तबला चालू, टाळ चालू आणि मी तोंड उघडं ठेवून गप्प. सकाळी पानठेल्यावर पहिलाच सवाल आला, "काय बुवा, राती गाडी पंचर झाली म्हनते?" त्यानंतर दीड वर्ष मी नुसती पेटी वाजवली, तोंडातून ओळ काढली नाही.

आता मंडळातल्या नव्या पोट्ट्यांना मी बसवतो, त्यात माझ्यासारखे उशिरा सुरू झालेलेही असतात. खंजिरी भजनाची स्पर्धा असो, भीमजयंतीची गाणी असोत, गणपतीतला कार्यक्रम असो की शाळेचं स्नेहसंमेलन, तयारी एकच. फक्त महिनाभर आधी सुरू करा. आदल्या दिवशी विचारायला येणाऱ्याला मी गरम पाणी प्यायला सांगतो आणि घरी पाठवतो.

आधी अंगात काय होतं ते समजून घ्या

भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. टिपेश्वर अभयारण्यातला वाघ कपाशीत समोर आला तर पळता यावं म्हणून शरीरानं केलेली ही सोय आहे. छाती धडधडते, श्वास पोटातून वर छातीत येतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं म्हणून बोटं गार पडतात, तोंडातली लाळ आटते. वाघ आणि परीक्षक यांतला फरक शरीराला कळत नाही.

गाण्यावर त्याचे परिणाम ठरलेले आहेत. लय चढते. श्वास अपुरा पडतो आणि ओळ मधेच तुटते. गळा आवळतो, त्यामुळे वरचा सूर एक तर लागत नाही, नाहीतर किंचाळल्यासारखा लागतो. बोटं पेटीवर घसरतात. हे सगळं होणार आहे असं धरूनच गाणं बसवायचं असतं. "भीती गेली की गाईन" म्हणणारे मी पाहिले आहेत. ते अजून श्रोत्यांतच बसतात.

गाणं आणि पट्टी

पहिली चूक इथंच होते. स्पर्धेला नवीन चाल बसवायची हौस सगळ्यांना असते. पंधरा दिवसांपूर्वी मोबाईलवर ऐकलेली अवघड चाल घेतात, तिच्यात हरकती घालतात आणि माईकसमोर गेल्यावर हरकत राहते बाजूला, मूळ चालही हरवते. पहिल्या दोन-तीन वेळांसाठी तेच गाणं घ्या जे तुम्ही कमीत कमी वर्षभर गुणगुणत आहात. झोपेतून उठवून म्हणायला लावलं तरी आलं पाहिजे. परीक्षकांना नवीन चाल आवडते हे खरं, पण न अडकलेलं भजन त्याहून जास्त आवडतं.

पट्टी ठरवताना घरच्या आवाजावर जाऊ नका. घरी सपरीत बसून पेटीच्या पांढरी दोन पट्टीला जे आरामात जमतं ते स्टेजवर काळी एकला घ्या. अर्धा सूर खाली. हा अर्धा सूर म्हणजे आवळलेल्या गळ्यासाठी ठेवलेली जागा. पेटीवाल्यालाही आधीच सांगून ठेवा, कारण उत्साही पेटीवाला ऐन वेळी "चढवू का थोडं?" विचारतो आणि घाबरलेला गायक मान हलवतो.

खात्री करायची एक रीत मी पोरांना लावतो. घरापासून धुऱ्यापर्यंत पळत जायचं, पळत यायचं आणि दम लागलेला असतानाच अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ म्हणायची. पहिल्या दिवशी हसू येतं. पण छाती धडधडत असताना गाण्याची सवय करायला यापेक्षा स्वस्त उपाय मला सापडलेला नाही. पंधरा दिवसांत कळतं की श्वास नेमका कुठे तुटतो. तिथं आधीच्या शब्दावर थोडं थांबून श्वास घ्यायची जागा करून टाका आणि वहीत त्या जागी पेन्सिलनं उभी रेघ मारा. ज्यांना दमा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी पळू नये, अंगणात भराभर चार चकरा मारल्या तरी चालतं.

पाठांतराचं खरं-खोटं

घरी पाठ असणं वेगळं आणि माईकसमोर पाठ असणं वेगळं. आपण गाणं साखळीसारखं पाठ करतो, एक कडी पुढची कडी ओढते. मधली एक निसटली की पुढचं सगळं गेलं. माझं तेच झालं होतं.

म्हणून साखळी तोडून पाठ करा. भजन हातानं लिहून काढा. एकदा चाल न लावता नुसते शब्द बोला, जसं कोणाला पत्ता सांगतो तसं. मग प्रत्येक अंतऱ्याचे पहिले तीन शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, घरातल्या पोराला एक चिठ्ठी उचलायला सांगा आणि जो येईल तो अंतरा तिथूनच सुरू करा. शेवटचा आधी, दुसरा नंतर, कसंही. कापूस वेचताना, कोठ्यात शेण काढताना, बंडीवर बसून म्हणून बघा. हात दुसऱ्या कामात असताना जे अडखळत नाही ते स्टेजवरही सहसा अडखळत नाही.

वही समोर ठेवण्यात कमीपणा नाही, भजनी माणसाची वही हे त्याचं अंगच. फक्त अक्षर मोठं काढा आणि पान उडू नये म्हणून कपड्याचा चिमटा लावा. मोबाईलवर पाहून गाऊ नका. एका पोरानं तसं केलं आणि ऐन धृपदात, म्हणजे प्रत्येक अंतऱ्यानंतर फिरून येणाऱ्या ओळीत, त्याच्या मामाचा फोन आला. रिंगटोन माईकनं सगळ्या गावाला ऐकवली.

श्रोत्यांची शिडी

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, वेळही इथंच द्या. भीती गाण्याची नाही, माणसांची आहे. तेव्हा सराव माणसांसमोरच व्हायला हवा, थोडी थोडी माणसं वाढवत.

सुरुवात मोबाईलनं करा. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की एकटे असतानाही छाती थोडी धडधडते, आजमावून पाहा. रोज एकदाच रेकॉर्ड करायचं, चुकलं तरी न थांबता शेवटपर्यंत न्यायचं. पुन्हा पहिल्यापासून म्हणायची मुभा नाही, कारण स्टेजवर ती नसते. मग घरातली माणसं, जेवणं झाल्यावर. घरचे लोक मधेच "अगं, दुधाखालचा गॅस बंद केला का?" म्हणतील. उत्तम. तेही व्यत्ययाचं शिक्षण.

पुढची पायरी म्हणजे मंडळात मागे म्हणणाऱ्यांत बसणं. आठ-दहा दिवस फक्त धृपद उचला. मग मुख्य गायकाला सांगून एखादा अंतरा आपल्याकडे घ्या. एकाच अंतऱ्याची जबाबदारी घेतलेला माणूस पूर्ण भजनाच्या भीतीतून सुटतो.

त्यानंतर सकाळचा काकडा. माझ्या मते नवशिक्यासाठी याच्यासारखं स्टेज नाही. पहाटे पाचला देवळात दहा-बारा म्हातारी माणसं, निम्मी कानटोपी घालून डुलत बसलेली, माईक असला तर असला. चुकलं तर शेजारचे आजोबा डोळे न उघडता पुढची ओळ म्हणून देतात. कार्तिकात महिनाभर काकडा चालतो. रोज एक अभंग म्हटला तर स्पर्धेपर्यंत तीस वेळा माणसांसमोर गाऊन झालेलं असतं. तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना असते, तीही चालेल. बौद्ध विहारात रविवारी वंदना होते, तिथं वंदनेनंतर एखादं गीत म्हणायला कोणी नाही म्हणत नाही.

मग बारसं, वास्तू, शेजारच्या गावचा सप्ताह. आणि आपलं स्वतःचं गाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात, पहिलाच कार्यक्रम घरच्या पारासमोर ठेवतात आणि पाहुण्यांनाही बोलावतात. शेजारच्या गावी आधी दोनदा गाऊन या. तिथली वाहवा आपल्या गावात आपल्याआधी पोचते, आणि अर्धं काम तिनंच केलेलं असतं.

बायकांच्या वाट्याला याहून एक भीती जास्त येते. "कोणाची सून गाऊन रायली?" हा आवाज मागून येणार हे त्यांना माहीत असतं. त्यावर मी शहाणपण सांगावं असं काही नाही. आमच्याकडच्या महिला मंडळानं काढलेला तोडगा एवढाच सांगतो: नवीन बाईला त्या कडेला कधीच बसवत नाहीत. दोन्ही बाजूंनी दोन जुन्या बाया, आणि तिच्या पहिल्या ओळीला दोघीही हळू आवाजात सोबत म्हणतात. दुसऱ्या ओळीला आपोआप गप्प होतात.

श्वास

रोज दहा मिनिटं. चार मोजेपर्यंत नाकानं आत, पोट फुगलं पाहिजे, आणि सात-आठ मोजेपर्यंत सावकाश बाहेर. बाहेर सोडणं लांब ठेवलं की धडधड उतरते, हे शरीराचंच बटण आहे. पण ते पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी दाबाल तर सापडणार नाही. महिनाभर रोज करा, मग त्या रात्री तीन-चार श्वासांत काम होतं. भ्रामरी येत असेल तर श्वास आणि सूर दोन्ही एकदम तापतात.

साऊंडवाल्याशी दोस्ती

निम्मी घाबरगुंडी माईकमुळे होते. आपलाच आवाज चारपट मोठा होऊन, शाळेच्या भिंतीवर आपटून उशिरा परत येतो आणि गाणारा दचकतो. त्यात साऊंडवाल्याला इको वाढवायची भारी हौस.

शक्य असेल तर दुपारीच जाऊन माईकवर दोन ओळी म्हणून पाहा. नुसतं "हॅलो, माईक टेस्टिंग" करून काही कळत नाही, गाऊनच पाहायचं. साऊंडवाल्याला नावानं हाक मारा, चहा पाजा आणि तीन गोष्टी सांगा: इको कमी, एक बॉक्स (स्पीकर) आमच्या तोंडाकडे, आणि पेटीला वेगळा माईक. तोंडाकडे बॉक्स नसला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, माणूस ओरडायला लागतो आणि दुसऱ्या भजनापर्यंत गळा बसतो.

माईक तोंडापासून चार बोटं. वरच्या सुराला वीतभर मागे. जाळीवर मूठ आवळायची नाही आणि माईक हातात घेऊन बॉक्ससमोर जायचं नाही, नाहीतर तो शिट्टी मारतो. शिट्टी आली तर ती तुमची चूक समजून थांबू नका. गात राहा, साऊंडवाला बघून घेईल.

त्या दिवशी

आपल्याकडच्या स्पर्धेत नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. चिठ्ठीत बारावा नंबर निघाला की रात्रीचा दीड धरायचा. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्यांना पहाटेपर्यंत उभं राहायची सवय असते, आपल्याला नसते. दुपारी तासभर झोपा. महाप्रसादाची पंगत गाणं झाल्यावर. आधी बसलात तर बुंदी आणि वांग्याच्या भाजीवर पोटातून श्वास घेऊन दाखवा. गाण्याच्या दोन तास आधी भाकर-वरण असं हलकं खा. चहा एकच. काळा चहा छाती आणखी धडधडवतो.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची घोटलेली पुडी. "तोंडात असला की भेव नाही लागत" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे. तंबाखूतलं निकोटिन हृदयाचे ठोके वाढवतं, आणि गाण्याआधी थुंकायला जागा शोधावी लागते ती वेगळीच. दारूचंही तेच. घेणाऱ्याला आपण ताल सोडला हे कळत नाही, तबलजीला कळतं.

डिसेंबर-जानेवारीत थंडीनं गळा आणि बोटं दोन्ही आखडतात. गळ्याला मफलर, जवळ कोमट पाण्याचा थर्मास. आपल्या आधीचं मंडळ चढलं की पेटीवाल्यानं आणि खंजिरीवाल्यानं शेकोटीजवळ जायचं. दवानं खंजिरीचं कातडं सैल पडतं, ते थोडं शेकलं की बोलायला लागतं, आणि त्यानिमित्तानं बोटंही मोकळी होतात. लघवीला जाऊन या, लागली नसली तरी.

वाट पाहण्याचा काळ सगळ्यात वाईट. सगळ्या मंडळांची भजनं ऐकत बसू नका, प्रत्येक गायक आपल्यापेक्षा चांगला वाटायला लागतो. बाजूला जाऊन आपली पहिली ओळ हलक्या आवाजात, ठरवलेल्या लयीपेक्षा थोडी संथ, दहा वेळा म्हणा. लय चढणारच आहे, ती खालून चढू द्या.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला सांगून काही होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधल्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. लोकांना अनोळखी माणसासमोर कॅरिओकेवर गायला लावलं. गाण्याआधी "मला उत्साह वाटतोय" म्हणणारे लोक "मला भीती वाटतेय" म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त सुरात गायले. धडधड दोन्हीत सारखीच असते, नाव तेवढं बदलतं. आमची पोरं एकमेकांच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "आज मजा येऊन रायली बे!" तेच.

स्टेजवर पहिलं मिनिट

चढल्याबरोबर सुरू करू नका. बसा, मांडी नीट घाला, माईक आपल्या उंचीवर आणा, वही ठेवा. पेटीवाल्याकडून सा घ्या, मनात मिळवा. तबलजीला एक आवर्तन नुसता ठेका धरू द्या आणि मग सुरू करा. लोकांना हे दहा सेकंद लांब वाटत नाहीत, तुम्हालाच वाटतात. स्पर्धेत वेळ संपल्याची घंटी असते, त्या वेळेतून तेवढे जाऊ द्या.

नजर कुठं ठेवायची? सासऱ्यांकडे नको, परीक्षकांकडे नको. तिसऱ्या-चौथ्या रांगेत मान डोलावणारा एक तरी माणूस असतोच, त्याला शोधा. तो सापडेपर्यंत लोकांच्या डोक्यांवरून मागच्या लाईटकडे.

हातांना काम द्या. रिकामे हात थरथरतात, टाळ धरलेले हात ताल धरतात. तुकडोजी महाराजांची खंजिरी आठवा. गळा आणि हात एकाच कामाला जुंपले की थरथरीला जागा उरत नाही. आणि लोकांनाही काम द्या. गाडगेबाबांच्या कीर्तनात लोक नुसते ऐकत बसत नसत. बाबा त्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर घेत, नामाचा गजर करून घेत. धृपद दोनदा झालं की तिसऱ्यांदा हात वर करून लोकांना म्हणायला लावा. सगळा पार आपल्या सुरात म्हणतोय हे ऐकू आलं की ते परीक्षक राहत नाहीत, मंडळात सामील होतात. तेवढ्यात तुम्हाला एक श्वासही मिळतो.

आवाज कापला तरी कापू द्या. तुम्हाला आतून जेवढं कापल्यासारखं वाटतं तेवढं बाहेर ऐकू येत नाही. मंडळातल्या एका काकांना मी स्टेजवरून उतरल्यावर विचारलं होतं, "माझा आवाज लय कापत होता का?" ते म्हणाले, "काहून? थंडी होती का?"

अडकलात तर

याचीही तालीम करा, मुद्दाम. सरावात मी मधेच टाळी वाजवतो. टाळी वाजली की गाणाऱ्यानं शब्द सोडायचा आणि न थांबता धृपदावर यायचं. तबलजी आणि पेटीवाल्याशी खूण ठरवा. आमच्याकडे डाव्या हाताची मूठ मिटली की "धृपद". सगळं मंडळ धृपद उचलतं, दोन वेळा फिरवतं, तोवर पुढचा अंतरा आठवतो. नाही आठवला तर त्याच्या पुढचा घ्या. गाळलेला अंतरा परीक्षकांना कळेल, गावाला कळणार नाही. थांबलेला तबला मात्र सगळ्यांना कळतो. आणि चुकल्यावर जीभ चावायची नाही, हसायचं नाही, पेटीवाल्याकडे रागानं बघायचं तर मुळीच नाही.

दोन परदेशी गायिकांची गोष्ट मी पोरांना सांगतो. बार्ब्रा स्ट्रायसँड १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कार्यक्रमात शब्द विसरली आणि त्या भीतीनं पुढे कितीतरी वर्षं तिनं तिकिटाचे कार्यक्रम टाळले. एला फिट्झगेराल्ड १९६० मध्ये बर्लिनला शब्द विसरली, तिनं तिथल्या तिथं "मी शब्द विसरले" अशा अर्थाच्याच ओळी जुळवून चालीत म्हटल्या, आणि त्या गायनाला पुढे ग्रॅमी मिळालं. दोघीही मोठ्या. पोट्टे विचारतात, "मग तुमी कोन्त्या?" मी दीड वर्ष पेटीमागे बसलो होतो, तेव्हा उत्तर उघड आहे.

उतरल्यावर

निकाल लागायच्या आधी दोन गोष्टी करा. वहीत लिहा: काय जमलं, कुठं अडकलं, साऊंडचं काय झालं. आणि पुढची तारीख ठरवा, आठ-दहा दिवसांतली, काकडा का असेना. भीतीला लांब सुट्टी दिली की ती वाढून परत येते.

महिनोनमहिने सराव करूनही उलट्या होत असतील, चक्कर येत असेल, किंवा स्टेज सोडून एरवीही चार लोकांत बोलताना असंच होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी काही वादक-गायक डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतात, पण दमा असलेल्याला ती धोक्याची आहे. कोणाच्या तरी बीपीच्या पाकिटातून मागून घेऊ नका. तालुक्याला जाणं होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर जा. मुद्दाम, लवकर, स्वतःहून. लपून बसलेल्याची गोष्ट गाव चार दिवस चघळतं. आता कोणी "पंचर झाली का?" म्हटलं तर माझं उत्तर तयार असतं, "झाली होती, पण स्टेपनी होती ना भाऊ. धृपद." ज्यानं पहिल्यांदा तो सवाल केला होता त्यानंच पुढं नातवाच्या बारशाला मला गायला बोलावलं. बिदागी पाचशे एक रुपये आणि एक खर्रा. खर्रा मी परत दिला.